सगळ्यात जास्त अधिकार मला कारकून असताना होते

बारनिशी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. पुतणी स्पर्धा परीक्षा करते. परवा म्हणाली, "काका, तुमची नोकरी एका पानात लिहून द्या, मुलाखतीला उपयोगी पडेल." लिहायला बसलो तर अर्ध्या पानात पदांची यादी संपली. जे सांगावंसं वाटत होतं ते तिच्या मुलाखतीत बसणारं नव्हतं, म्हणून इथे टाकतोय.

यादी आधी उरकतो. १९८४ साली महसूल खात्यात लिपिक, वय २१. मराठी तीसच्या टायपिंगचं सर्टिफिकेट आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड एवढीच इस्टेट. मग एसएसडी, म्हणजे दुय्यम सेवा परीक्षा, पास झालो. महसूल अर्हता परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. अव्वल कारकून झालो, २००३ ला नायब तहसीलदार, २०१३ ला तहसीलदार. सगळी नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, अधली दोन वर्षं सोलापुरात. ३१ जुलै २०२१ ला निवृत्त झालो. महसुली वर्षही ३१ जुलैलाच संपतं, त्यामुळे सरकारची आणि माझी खातेवही एकाच दिवशी बंद झाली म्हणायची.

आता मुद्दा. तहसीलदार असताना माझ्या दारावर पाटी होती, गाडी होती, शिपाई होता. पण आयुष्यात सगळ्यात जास्त अधिकार मी वापरले ते कारकून असताना, खिडकीजवळच्या डगमगत्या टेबलावर बसून. कसे, ते सांगतो.

माणूस अर्ज देतो. बारनिशीत त्यावर शिक्का पडतो, क्रमांक पडतो, कागद संकलनाकडे येतो. (बाहेरच्यांसाठी: बारनिशी म्हणजे आवक-जावकीचं टेबल, संकलन म्हणजे त्या विषयाचं टेबल.) कारकून फाईल उघडतो आणि पहिली टिपणी लिहितो. अर्जदाराचं म्हणणं काय, जोडलेले कागद कोणते, नियम काय, आणि शेवटी 'सबब' (सरकारी भाषेत 'म्हणून') असं लिहून त्यापुढे एक वाक्य. त्या 'सबब'च्या पुढे जे येतं ते नव्वद टक्के वेळा निर्णय असतो. अव्वल कारकून खाली सही करतो, नायब तहसीलदार सही करतो, तहसीलदार हिरव्या शाईत सही करतात. संध्याकाळी साडेसहाला समोर फायलींचा ढीग, दुपारी कलेक्टर ऑफिसची मिटिंग झालेली, बाहेर मोर्चाचं निवेदन घेऊन माणसं थांबलेली. कोण पहिल्या परिच्छेदापासून वाचणार? डोळा थेट 'सबब'वर जातो. मी स्वतः तहसीलदार झाल्यावर हेच केलं, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट माझ्याच खात्यावरची. संजय गांधी निराधार योजनेचं संकलन माझ्याकडे होतं, नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. तालुक्याचं नाव सांगत नाही. डोंगराकडच्या वाडीवरची एक म्हातारी, एसटीनं यायची. वयाचा पुरावा म्हणून तिनं रेशनकार्ड जोडलेलं, तेही मूळ. त्यावरचा वयाचा आकडा गिरवल्यासारखा दिसत होता. मी लिहिलं, "वयाचा पुरावा अस्पष्ट आहे, सबब त्रुटीपूर्तता करून घेणे योग्य होईल." नियमाला धरून होतं. तिनं तीन-चार खेपा घातल्या, दर वेळी मी तेच सांगितलं, वैद्यकीय दाखला आणा. मग यायची थांबली. काही महिन्यांनी नातू आला. मला वाटलं दाखला घेऊन आलाय. तो म्हणाला, "आज्जीचं काय नाय आता. तेवढं रेशनकार्ड फायलीत हाय, ते द्या. दुकानदार कार्ड बघितल्याबिगर माल देईना."

म्हणजे इतके महिने ते घर रेशनवाचून होतं. मूळ कार्ड परत देऊन नक्कल ठेवावी, हे ना मला सुचलं ना वरच्या तीन सह्या करणाऱ्यांना.

तेव्हा तरुण मंडळी, तुम्ही पद कोणतं मिळवता हे महत्त्वाचं आहेच. पण त्या टेबलावर काय लिहिलं जातं ते तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या निर्णयावर सही करायला बसलेले असता. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

माणदेशी:
काका, पहिल्याच धाग्यात षटकार. रेशनकार्डाचं वाचून गप्प झालो.

अभ्यासिका_सातारा:
काका, सादर नमस्कार. मी पोवई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत तीन वर्षं बसतेय. राज्यसेवा आता वर्णनात्मक झाली, मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ ची, म्हणजे आमची आधीची तयारी अर्धी वाया गेल्यासारखीच. पसंतीक्रम भरताना सगळे म्हणतात उपजिल्हाधिकारी, मग तहसीलदार, मग बाकीचं. मला गटविकास अधिकारी किंवा मुख्याधिकारी व्हावंसं वाटतं. घरी म्हणतात वेडी आहेस. तुमचं मत काय?

शिराळ्याचा:
बारनिशी साहेब, राग मानू नका, पण तुमी निवृत्त झाल्यावर हे सगळं लिहिताय. आमी अजून हेलपाटेच घालतोय. आमच्या गटाचं क्षेत्र हस्तलिखित सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर. ऑनलाईन झालं आणि झालं ० हेक्टर १२ आर. जमीन कुठं गेली? धुऊन गेली? वरनं नाव अजून आज्ज्याच्या थोरल्या भावाचं, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून. माझ्या आत्यांची नावं कुठंच नाहीत. दीड वर्ष झालं अर्ज देऊन. विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे". ती प्रोसेस म्हणजे काय ते एकदा सांगा.

जतची_ताई:
चर्चा छान आहे, पण प्रशासन म्हटलं की महसूलच का हो सगळ्यांना आठवतं? मी ग्रामसेवक आहे. पहिली ३ वर्षं कंत्राटी काढली, मग कायम. आता आमचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच. माझ्याकडे एक गाव मूळ आणि एक अतिरिक्त. नमुना १ ते ३३, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या, दोन्ही गावांचे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला तर त्यातला बंधित किती, अबंधित किती, पाण्यावर किती, स्वच्छतेवर किती, ते ठरलेलं. गावाला हवा असतो स्मशानभूमीचा रस्ता, आणि पोर्टलवर बसतं ते गटार. सरपंच ताईंचं डिजिटल सहीचं डोंगल माझं डोंगल लागल्याशिवाय चालत नाही, आणि ताईंचं डोंगल असतं त्यांच्या मालकांच्या खिशात. ५० टक्के आरक्षण झालं २०११ ला, खिसा अजून बदलायचाय.

टिपणीचं मात्र खरं आहे. आमच्याकडे टिपणीच्या जागी ग्रामसभेचं प्रोसिडिंग असतं. बोलणारे शंभर, लिहिणारी मी एकटी. "चर्चेअंती सर्वानुमते" या दोन शब्दांचं काम फार मोठं आहे. मी पहिल्या वर्षी ते डोळे झाकून लिहायचे. आता विरोध करणाऱ्याचं नाव घालते. त्यामुळे मी कडक आहे अशी माझी ख्याती आहे.

नव्या_गाडीतला:
मी सरळसेवेनं, म्हणजे परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून आलोय, नाव-गाव नको. काकांच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट पटली नाही. 'सबब'पुढचं वाक्य निर्णय असतं, कारण वरचे तिघं वाचत नाहीत. हा कारकुनाचा अधिकार कसा झाला? ही तर वरच्यांची चूक. माझ्याकडे फाईल आली की मी शेवटून नाही, जोडपत्रांपासून वाचतो. आधी कागद, मग टिपणी. पटलं नाही तर 'चर्चा करा' लिहून परत.

आणि बढतीनं आलेलेच जमिनीवरचे आणि सरळसेवेवाले हवेतले, असा सूर यात येतो तोही बरोबर नाही. आमचं दोन वर्षांचं प्रशिक्षण असतं, यशदा (पुण्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) धरून. तलाठ्यापासून प्रत्येक टेबलावर बसवतात. कमी पडतं हे मान्य, पण शून्य नसतं.

बारनिशी:
नव्या गाडीतल्या साहेब, तुमचं म्हणणं मान्य, आणि जोडपत्रांपासून वाचण्याची सवय सोडू नका. फक्त 'चर्चा करा' या शब्दांबद्दल एक सांगतो. ते दोन शब्द लिहिलेली फाईल कारकुनाच्या टेबलावर परत आली की तिचा मुक्काम वाढतो. चर्चेला वेळ कोण मागणार? कारकून घाबरतो, साहेब विसरतात. बदल्यांचा आणि विलंबाचा जो २००५ चा कायदा आहे त्यात लिहिलंय की एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. फाईल रोज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली तर कायदा मोडत नाही आणि कामही होत नाही. दुसरी युक्ती म्हणजे 'मार्गदर्शन मिळावे' म्हणून वरच्या ऑफिसला पत्र. ते पत्र गेलं की कागद आपल्याकडे प्रलंबित राहत नाही, प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जातो. गठ्ठा बदलला, ओझं गेलं. मीही पाठवलीत अशी पत्रं. त्यातल्या निम्म्यांचं उत्तर आम्हाला आधीच माहीत होतं.

गठ्ठ्यावरून आठवलं. सहा गठ्ठा पद्धत (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायची) आज सगळे नाक मुरडत सांगतात, पण ऐंशीच्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी ऑफिसं लावून दाखवली तेव्हा आम्ही पोरं अक्षरशः बघायला जायचो. कागद सापडतो, हीच बातमी होती. पुढे २०१७ च्या सुमाराला पुणे विभागात चंद्रकांत दळवी आयुक्त असताना झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही कागद प्रलंबित न ठेवायची मोहीम आली. दळवी साहेब आपल्या खटावातल्या निढळचे. त्या मोहिमेत मी तहसीलदार होतो. रेकॉर्ड रूममधून काय काय निघालं म्हणून सांगू. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे ३० वर्षं, ड वर्गाचे एक वर्ष. आमच्याकडे ड वर्गाचे कागद चाळीस वर्षं सांभाळलेले आणि अ वर्गाचे उंदरांना दिलेले. त्या धुळीत आठवडाभर बसलो आणि मग महिनाभर खोकलो.

आता अभ्यासिकाताई. बेटा, वेडी नाहीस. तहसीलदाराकडे दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, निवडणूक असते, पुरवठा असतो, सगळा बोजा. पण तो सांभाळतो जे आहे ते. नवीन काही उभं करायचं असेल तर पंचायत समिती आणि नगरपरिषद. मुख्याधिकाऱ्याला पाणी, कचरा, बांधकाम परवाने रोज दारात. शिव्याही रोज दारात. निवडून आलेल्या माणसांबरोबर काम करायची तयारी हवी, ती असेल तर खुशाल भर. वर्णनात्मक परीक्षेची भीती बाळगू नकोस. नोकरीत पुढची तीस वर्षं वर्णनात्मकच लिहायचं आहे.

शिराळ्याचे दादा, तुमचं सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

कुंडलकर:
थोडं इतिहासाचं घालतो, विषयाला धरूनच आहे. आमच्या भागात प्रशासन हा शब्द पत्री सरकारपासून सुरू होतो. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या काळात गावोगाव न्यायदान मंडळं होती. तक्रार आली, दोन्ही बाजू समोर, निकाल तिथेच. त्यात टिपणी नव्हती आणि 'सबब' नव्हतं. (त्यात काही अन्यायही झाले असतील, आमच्याकडचे म्हातारे त्याबद्दल दबक्या आवाजात बोलतात. पण वेग होता.)

मग स्वातंत्र्य. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचा दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. कुलकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, त्या जागी पगारी तलाठी आला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याचे. जन्म झाला तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत कडेगाव तालुक्यात. विसापूरच्या वि. स. पाग्यांची रोजगार हमी आणि अंजनीच्या आर. आर. आबांचं ग्रामस्वच्छता अभियान, दोन्ही आमच्या तासगाव तालुक्यातल्या माणसांची. राज्याला योजना आम्ही दिल्या आणि आमचे सातबारे अजून चुकलेलेच.

माणदेशी:
कुंडलकर, "आमचे सातबारे" म्हणू नका, सगळ्यांचेच. आणि स्वच्छतेचं म्हणाल तर आमच्या माणमधलं लोधवडे विसरलात.

कुंडलकर:
विसरलो नाही. तासगावबद्दल बोलत होतो. 🙂

साहेबांची_लेक:
मी इथे सहसा लिहीत नाही. माझे वडील प्रशासनात होते, आता नाहीत. पहिली ते दहावी माझ्या सहा शाळा झाल्या. लोकांना वाटतं साहेबांची मुलगी म्हणजे मजा. प्रत्येक नव्या गावी पहिल्या आठवड्यात मैत्रिणी व्हायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांचे वडील काम घेऊन घरी यायचे. तिसऱ्या आठवड्यात काम झालेलं नसायचं आणि मैत्रीण दुसऱ्या बाकावर. आईनं मला सांगून ठेवलं होतं, डब्यातलं दे, पण कुणाच्या घरचं आंब्याचं खोकं दारात दिसलं तर आत आणू नकोस. एकदा आणलं होतं. बाबांनी ते शिपायाबरोबर परत पाठवलं आणि मला त्याच्याबरोबर जायला लावलं. तिसरीत होते. रडत गेले होते. आज राग नाही, पण ते खोकं फार जड होतं.

बारनिशी:
ताई, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मुलाच्या चार शाळा झाल्या. त्याला विचारलं पाहिजे एकदा.

मधे कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की मोठ्या आपत्तीत तरी अधिकाऱ्याचा अधिकार दिसतो ना. दिसतो. २००५ ला मी सांगली जिल्ह्यात नायब तहसीलदार. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५३ च्या वर गेलं. पुढे २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा २००५ लहान वाटायला लागला, पण त्या वेळी तो आमच्या पिढीनं पाहिलेला सगळ्यात मोठा पूर होता. पाणी असतं तोवर साहेब लोक दिसतात, बोटी, हेलिकॉप्टर, मंत्री. पाणी उतरलं की राहतो तलाठी आणि त्याचा पंचनामा. त्यात एक रकाना असतो, घराची पडझड अंशतः की पूर्णतः. मातीची भिंत, चार दिवस पाण्यात भिजलेली, उभी आहे. अंशतः लिहायचं? दोन उन्हं पडली की ती पडणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण पंचनाम्याच्या दिवशी ती उभी आहे. एका तलाठ्यानं मला विचारलं, "साहेब, काय लिहू?" मी म्हणालो, "आज हात लावू नकोस, चार दिवसांनी परत जा." गेला. भिंती पडलेल्या होत्या. त्यानं पूर्णतः लिहिलं. याबद्दल मला खुलासा द्यावा लागला, पंचनाम्यांना विलंब का, म्हणून.

दुष्काळाचंही तसंच. त्या काळी पैसेवारी (पीक किती आलं त्याचा अंदाज, पैशांत) ५० च्या आत की बाहेर, यावर गावाच्या सवलती ठरायच्या. जमीनमहसुलात सूट, परीक्षा फी माफी, वीजबिल. माणमधल्या दोन शेजारच्या गावांत पाऊस सारखाच, म्हणजे सारखाच नाही. पण एकाला ४९ आणि दुसऱ्याला ५१ पैसे लागले तर त्या दोन पैशांवर आठ महिने भांडण चालायचं.

निवृत्तीच्या आधीचा आठवडा पाटणला गेला. २२ आणि २३ जुलै २०२१. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, जिथे दरडी कोसळल्या. माझं पोस्टिंग तिथलं नव्हतं, मदतीला पाठवलेलं. त्याबद्दल लिहीत नाही.

नव्या_गाडीतला:
चार दिवसांनी परत जा, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नाही. हे मात्र तुमच्याकडून घेतलं.

बारनिशी:
शिराळ्याचे दादा, आता तुमचं.

तुमची दोन प्रकरणं आहेत आणि तुम्ही ती एकाच अर्जात घातली असणार. तिथेच गाडी अडकलीय. क्षेत्र चुकलं ती लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची दुरुस्ती. जमीन महसूल संहितेचं कलम १५५, अर्ज तहसीलदारांना. संगणकीकरणाआधीचा हस्तलिखित सातबारा, त्या गटाचा फेरफार (नोंद बदलल्याचा उतारा) आणि ८अ (खातेउतारा) जोडा. हस्तलिखित नक्कल तुमच्याकडे नसेल तर रेकॉर्ड रूममधून मिळते. आत्यांची नावं हा वारसांचा विषय, वेगळा अर्ज, आणि त्याला ए.कु.मॅ. नोंद ज्या फेरफारानं आली तो मुळातला फेरफार काढायचा. बहुतेक वेळा सगळ्या भावंडांची नावं त्या जुन्या फेरफारात वर लिहिलेली असतात, सातबाऱ्यावर उतरताना फक्त थोरल्याचं उतरलंय.

मूळ कागद देऊ नका. नक्कल द्या, पोच घ्या, पोचीवर बारनिशी क्रमांक बघा. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले की माहितीच्या अधिकारात टिपणीची नक्कल मागा. ऑर्डर नको, टिपणी. लोकशाही दिनात (सोमवारी साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात तो) जायचा विचार असेल तर सांगून ठेवतो, अर्धन्यायिक प्रकरणं तिथे घेत नाहीत, सोमवार फुकट जाईल.

जतची_ताई:
काका, हे वेगळं काढून कुठेतरी डकवून ठेवा. माझ्या गावातले निम्मे लोक हेच विचारत येतात, आणि ते माझं कामच नाही.

शिराळ्याचा:
धागा वर काढतोय. सव्वा महिना झाला. टिपणीची नक्कल मिळाली. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, "अर्जदाराने जुन्या अधिकार अभिलेखाची नक्कल सादर केलेली नाही, सबब अर्ज निकाली काढणे योग्य होईल." अधिकार अभिलेख म्हणजे सातबाराच. खाली तीन सह्या. आणि माहिती अधिकारात जी पानं दिली त्यात पान नंबर सात, हस्तलिखित सातबारा, माझ्याच सहीचा, गेल्या वर्षीच्या तारखेचा. म्हणजे फायलीतच हाय की.

माझा अर्ज निकाली निघाल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणत होते.

बारनिशी:
आदेश निघाल्याची तारीख कोणती? प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची. तुम्हाला आदेश कळवलेलाच नाही, तेव्हा कळल्याच्या दिवसापासून मुदत धरावी असा विलंबमाफीचा अर्ज सोबत लावा. पान सातची नक्कल सगळ्यात वर ठेवा, टिपणीच्याही वर.

शिराळ्याचा:
आदेश मागच्या दिवाळीतला. वकील लागंल का?

बारनिशी:
लागेलच असं नाही. मसुदा मी करून देतो, व्यनि बघा. शेवटचा परिच्छेद मात्र तुम्ही लिहा, तुमच्या भाषेत. फक्त सुरुवात 'सबब'नं करा.